कॉर्टिसोल भरपूर, कुशिंग नाही : एका डच कुटुंबाचं प्रकरण

1976 साली फिंगरहूट्स, थेइसन आणि श्वार्त्स या तीन डच संशोधकांनी एका पुरुष रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. त्याचा रक्तदाब वाढलेला होता, रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं होतं आणि रक्त अल्कलीकडे झुकलेलं होतं. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टरांचं लक्ष मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींकडे जातं. तपासण्यांत कॉर्टिसोल, म्हणजे याच ग्रंथी बनवतात ते स्टेरॉइड हार्मोन, खूप वाढलेलं निघालं, रक्तातही आणि लघवीतही. एवढ्यावर कुशिंग सिंड्रोम, म्हणजे कॉर्टिसोलच्या आधिक्याचा आजार, लिहून मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण रुग्ण त्या निदानात बसत नव्हता.

कॉर्टिसोल महिनोन्‌महिने चढं राहिलं की माणसाचं रूपच बदलतं. चेहरा गोल होतो, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो, पोट सुटतं आणि हातपाय मात्र काटकुळे होतात. पोटावर जांभळे रुंद पट्टे उमटतात, जरा काही लागलं की त्वचेवर काळंनिळं होतं, मांड्यांची ताकद जाते, साखर वाढते, हाडं पोकळ होतात. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसोलसारखं औषध खाल्लेला एखादा नातेवाईक घरात असेल, तर हे वर्णन ओळखीचं वाटेल. या डच रुग्णात यातलं काहीच नव्हतं. शोधनिबंधाच्या शीर्षकातच लेखकांनी हा पेच मांडला होता: कुशिंग सिंड्रोमविना, आपोआप उद्भवलेलं कॉर्टिसोल-आधिक्य.

या प्रकरणाचा उलगडा व्हायला पंधरा वर्षं लागली, आणि त्यातला कळीचा पुरावा मिळाला तो रुग्णाच्या पांढऱ्या रक्तपेशींतून.

शंका एकेक करून बाद

आधी कॉर्टिसोलची नेहमीची व्यवस्था बघू. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे हार्मोन सोडते, ते अ‍ॅड्रीनलला कामाला लावतं, अ‍ॅड्रीनल कॉर्टिसोल बनवते आणि तेच कॉर्टिसोल उलट पिट्युटरीपर्यंत पोचून ‘आता पुरे’ असा निरोप देतं. गच्चीवरच्या टाकीतला चेंडू पाणी वर आलं की नळ बंद करतो, तसा हा मामला आहे. पहाटे-सकाळी पातळी सर्वात वर आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला, हा रोजचा ताल.

कॉर्टिसोल चढं का दिसतं याची कारणं अनेक असतात. सर्वात साधं कारण म्हणजे मोजमापातला चकवा. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसोल एका वाहक प्रथिनाला चिकटून फिरतं. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असताना हे प्रथिन वाढतं, त्यामुळे रक्तातला एकूण आकडा फुगतो. पेशींना मिळणारं मोकळं कॉर्टिसोल मात्र तेवढंच राहतं. अशा वेळी लघवीतलं मोकळं कॉर्टिसोल वाढत नाही. इथे ते वाढलेलं होतं, म्हणजे आधिक्य खरं होतं.

अ‍ॅड्रीनलमध्येच गाठ असेल, तर ती मनमानी कॉर्टिसोल ओतते आणि पिट्युटरी गप्प बसते, एसीटीएच तळाला जातं. इथे एसीटीएच दबलेलं नव्हतं. मग पिट्युटरीत गाठ? पण तशा गाठीतून येणारं कॉर्टिसोल ऊतींना भोवतंच, रूप बदलतंच. शिवाय कुशिंगमध्ये दिवस-रात्रीचा ताल मोडतो, आणि या विकारात तो शाबूत असतो, फक्त सगळा आलेख वरच्या पट्टीत सरकलेला असतो. ताल टिकून राहतो याचा अर्थ चेंडू आणि नळ दोन्ही काम करत आहेत, फक्त पाणी कुठे थांबायचं ती खूण वर गेली आहे.

डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडची छोटी मात्रा रात्री दिली की निरोगी माणसाचं सकाळचं कॉर्टिसोल जवळजवळ नाहीसं होतं. या रुग्णात ते दबत नव्हतं. पिट्युटरीला बाहेरून आलेला ‘पुरे’ही ऐकू जात नव्हता.

मग खुद्द हार्मोनच सदोष असेल का? इन्शुलिनच्या बाबतीत हे घडू शकतं, कारण इन्शुलिन हे प्रथिन आहे, त्याची कृती जनुकात लिहिलेली असते आणि लिहिण्यात चूक झाली तर बिघडलेलं इन्शुलिन तयार होतं. कॉर्टिसोल हा कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्याने घडवलेला लहानसा रेणू आहे. त्याचं स्वतःचं जनुक नाही. एखादा टप्पा बिघडला तर तो कमी बनेल किंवा बनणारच नाही, पण ‘बिघडलेलं कॉर्टिसोल’ बनत नाही. शिवाय डेक्सामेथासोन तर औषधाच्या कारखान्यातून आलेलं होतं, त्यात खोट असण्याचं कारणच नव्हतं.

उरला एकच तर्क. हार्मोन ठीक, ग्रंथी ठीक, ते ऐकणाऱ्या पेशी बहिऱ्या. हार्मोन भरपूर आणि ऊती दाद देत नाहीत, ही कल्पना नवी नव्हती. फुलर अल्ब्राइट यांनी 1942 साली पॅराथायरॉइड हार्मोनच्या संदर्भात ती मांडली होती. कॉर्टिसोलच्या बाबतीत मात्र ती धाडसी होती, कारण कॉर्टिसोल शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीशी बोलतं. ते ऐकूच आलं नाही तर माणूस जगेल कसा? पेशीत हार्मोनला धरून त्याचा निरोप ऐकणारं जे प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. पुढे 1995 साली जर्मनीत उंदरांमध्ये कॉर्टिसोलचा हा रिसेप्टर काढून टाकला गेला, तेव्हा बहुतेक पिल्लं जन्मताच दगावली, कारण त्यांची फुप्फुसं तयार झालेली नव्हती. म्हणजे या डच माणसाचा बहिरेपणा पुरता नसून अर्धवट असणार होता.

रक्ताची नळी हीच बायोप्सी

तर्क बरोबर आहे हे सिद्ध करायचं तर रिसेप्टर हाती लागायला हवा. पिट्युटरीचा तुकडा काढून बघणं शक्य नाही, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या यकृताला केवळ कुतूहलापोटी सुई कोण टोचणार? पण कॉर्टिसोलचं ऐकणाऱ्या पेशी रक्तात फिरतच असतात आणि दंडाच्या शिरेतून हव्या तेवढ्या मिळतात.

ही वाट आधीच थोडी मळलेली होती. अमेरिकेत डार्टमथला अ‍ॅलन मंक यांनी 1968 साली उंदराच्या जातीतल्या घुशीसारख्या प्राण्याच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटच्या, थायमस पेशींत स्टेरॉइडला नेमकेपणाने धरून ठेवणाऱ्या जागा दाखवल्या होत्या. 1973 साली मार्क लिपमन आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या तीव्र ल्युकेमियातल्या पेशींत तसेच रिसेप्टर मोजले. बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, जेसी रॉथ, रोनाल्ड कान आणि जेफ्री फ्लायर यांनी रक्तातल्या मोनोसाइट पेशींवरचे इन्शुलिन रिसेप्टर मोजून 1976 साली दाखवलं की तीव्र इन्शुलिन-प्रतिरोधाचे किमान दोन प्रकार आहेत. एकात रिसेप्टरच कमी किंवा सदोष, दुसऱ्यात रुग्णाच्या शरीराने रिसेप्टरविरुद्धच प्रतिपिंडं तयार केलेली. डच रुग्णाची रक्तपेशींवरची तपासणी याच एनआयएचमध्ये झाली हा योगायोग नाही. जॉर्ज क्रूसोस, लिन लोरिओ, मॉर्टिमर लिपसेट या मंडळींकडे तंत्रही होतं आणि तसा विचार करण्याची सवयही.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण ‘रक्तपेशींतले हार्मोन रिसेप्टर’ म्हटलं की सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. इन्शुलिनचा रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतो. तो मोनोसाइटवर सापडतो आणि तांबड्या पेशीवरही सापडतो. कॉर्टिसोलचा रिसेप्टर पेशीच्या आत, पेशीद्रवात थांबलेला असतो. एचएसपी90 आणि एफकेबीपी51 यांसारखी सोबती प्रथिनं त्याला सांभाळून असतात. कॉर्टिसोल पेशीच्या आवरणातून आत शिरतं, रिसेप्टरला मिळतं, सोबती बदलतात आणि रिसेप्टर केंद्रकात जाऊन थेट जनुकांच्या कामात हात घालतो. काही जनुकं चालू होतात, आणि दाह पेटवणाऱ्या एनएफ-कॅपा-बीसारख्या यंत्रणा आवरल्या जातात. तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे या रिसेप्टरला तिथे काही काम उरत नाही. पांढऱ्या पेशींत मात्र तो काही हजारांच्या संख्येने असतो आणि त्याचा परिणाम साध्या सीबीसीवरही दिसतो. कॉर्टिसोल वाढलं की लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल रक्तातून कमी होतात. न्यूट्रोफिल मात्र वाढतात, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि अस्थिमज्जेतूनही नवे सोडले जातात. स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी वाढलेल्या बघून घाईने अँटिबायोटिक सुरू होतं, त्यामागे कित्येकदा हीच गफलत असते.

कॉर्टिसोल थेट मोजणं अवघड होतं त्या काळात या गुणाचा उपयोग चक्क तपासणी म्हणून होई. बोस्टनच्या जॉर्ज थॉर्न यांनी 1948 साली सुचवलेल्या चाचणीत रुग्णाला 25 मिलिग्रॅम एसीटीएच टोचायचं आणि चार तासांनी इओसिनोफिल मोजायचे. ते निम्म्यावर आले तर अ‍ॅड्रीनल धड आहे असं समजायचं. ग्रंथीची परीक्षा आणि उत्तरपत्रिका रक्तपेशीची! पण या चाचणीत एक गृहीतक दडलेलं होतं, की रक्तपेशी कॉर्टिसोलचं नीट ऐकते. डच रुग्णात प्रश्नच तिथे होता.

मोजणी आणि तिच्यातला सापळा

पद्धत ऐकायला सोपी आहे. ताजं रक्त घ्यायचं, ठरावीक घनतेच्या द्रवावर हलकेच ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. तांबड्या पेशी आणि न्यूट्रोफिल तळाला जातात आणि मधल्या पांढुरक्या थरात लिम्फोसाइट व मोनोसाइट मिळतात. त्या पेशी किरणोत्सारी ट्रिटियमने खूण केलेल्या डेक्सामेथासोनबरोबर ठेवायच्या. दुसऱ्या नळीत तेच, पण खूण नसलेलं डेक्सामेथासोनही भरमसाट टाकायचं. खऱ्या रिसेप्टरच्या जागा मोजक्या असल्याने तिथली खुणेची रसायनं या गर्दीत बाजूला पडतात, आणि उगाच इकडेतिकडे चिकटलेली तशीच राहतात. दोन नळ्यांतला फरक म्हणजे रिसेप्टरने खरोखर धरलेलं हार्मोन. वेगवेगळ्या मात्रांवर हे करून आलेख काढला की दोन गोष्टी कळतात: पेशीत रिसेप्टर किती आहेत आणि त्यांची पकड किती घट्ट आहे.

सापळा असा, की या रुग्णाच्या रक्तात कॉर्टिसोल आधीच रग्गड. काही रिसेप्टर आधीच अडलेले असणार. शिवाय हार्मोन सतत जास्त असलं की पेशी आपणहून रिसेप्टर कमी करतात, हा निरोगी पेशीचाही स्वभाव आहे. मग रक्तपेशींत रिसेप्टरचं बंधन कमी दिसलं तर ते आजाराचं कारण म्हणायचं की परिणाम? नुसत्या रक्तपेशींवर हे प्रकरण कोर्टात टिकलं नसतं.

म्हणून संशोधकांनी त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशीही घेतल्या. या पेशी काचेच्या बशीत आठवडेच्या आठवडे वाढवता येतात, मालकाच्या कॉर्टिसोलपासून दूर, दर वेळी ताज्या माध्यमात. तिथेही दोष दिसला तर तो परिस्थितीचा नसून पेशीचाच. या प्रकरणातला मला सर्वात आवडणारा निर्णय हाच आहे. रक्तपेशींची खिडकी उघडल्यावर तिच्यातून जे दिसलं त्यावर लगेच विश्वास न ठेवता दुसरी खिडकी उघडून पडताळा घेतला. पुढे 1986 साली याच गटाने आणखी एक युक्ती केली. रुग्णांच्या बी लिम्फोसाइटना एपस्टाइन-बार विषाणूची लागण करून त्या पेशी प्रयोगशाळेत न थांबता वाढत राहतील अशा केल्या. आता रक्तपेशीही मालकापासून दूर ठेवून तपासता येऊ लागली.

1982 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात निकाल होता. रुग्ण आणि त्याचा मुलगा असे दोघे तपासले होते. दोघांच्या पेशींत रिसेप्टरचा दोष आढळला. हार्मोनवरची त्याची पकड सैल होती. वडिलांचा दोष तीव्र, मुलाचा सौम्य. मुलाला काहीच त्रास नव्हता, रक्तदाब ठीक, फक्त कॉर्टिसोल वाढलेलं. तो तपासला गेला तो वडिलांमुळेच. पण त्याच्यामुळे हा विकार कुटुंबात उतरतो आणि त्याला पायऱ्या आहेत हे उघड झालं.

दुसऱ्या प्रकारचा पुरावा पेशींच्या वागण्यातून मिळतो. राजम्यापासून मिळणारं फायटोहिमअ‍ॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन लिम्फोसाइटवर टाकलं की त्या भराभर विभाजित होतात. त्यात डेक्सामेथासोन मिसळलं की निरोगी माणसाच्या लिम्फोसाइट थंडावतात. रिसेप्टर अधू असलेल्यांच्या लिम्फोसाइट त्याच मात्रेला जुमानत नाहीत. रिसेप्टर हार्मोनला कसा धरतो एवढंच पहिल्या चाचणीतून कळतं. धरल्यावर पुढे काही घडतं का, हे या दुसऱ्या चाचणीतून.

मग रक्तदाब का वाढला?

इथवरचं सगळं मान्य केलं तर रुग्णाला काहीच व्हायला नको होतं. रिसेप्टरची पकड सैल, म्हणून पिट्युटरीने एसीटीएच वाढवलं, कॉर्टिसोल वाढलं, आणि वाढलेल्या कॉर्टिसोलने सैल रिसेप्टरकडूनही नेहमीइतकं काम करून घेतलं. प्रतिकारशक्तीचंही तसंच. एवढं कॉर्टिसोल दुसऱ्या कुणाच्या अंगात असतं तर लिम्फोसाइट दबून जंतुसंसर्गाला दार उघडं झालं असतं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत कोविडवर दिलेली स्टेरॉइडं आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस कसा पसरला, हे महाराष्ट्रातल्या कान-नाक-घसा विभागांनी बघितलं आहे. डच रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना मात्र तो पूर जाणवतच नव्हता.

पण शरीरात एक रिसेप्टर असा होता ज्यात काहीच बिघाड नव्हता. मूत्रपिंडात मीठ राखून पोटॅशियम बाहेर टाकणारा रिसेप्टर हा अ‍ॅड्रीनलच्याच अल्डोस्टेरोन या दुसऱ्या हार्मोनसाठी असतो, आणि तो वेगळ्या जनुकाचा. एसीटीएचच्या रेट्याखाली अ‍ॅड्रीनल केवळ कॉर्टिसोलच बनवत नाही. वाटेतले डिऑक्सिकॉर्टिकोस्टेरोन आणि कॉर्टिकोस्टेरोनही भरभरून तयार होतात, आणि ते या मूत्रपिंडातल्या रिसेप्टरवर जाऊन बसतात. खुद्द कॉर्टिसोललाही हा रिसेप्टर अल्डोस्टेरोनइतकाच घट्ट धरतो. एरवी मूत्रपिंडातलं एक विकर कॉर्टिसोलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून त्याला दारातच अडवतं. हे 1988 साली मेलबर्नचे जॉन फंडर आणि एडिनबराचे ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. पण कॉर्टिसोलचा लोंढाच आला तर हे विकर पुरं पडत नाही. मीठ साठतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम वाहून जातं, आणि तरीही अल्डोस्टेरोन मोजलं तर ते कमीच सापडतं. 1976 च्या त्या पहिल्या तीन खुणा अशा प्रकारे जागेवर बसतात. आजार एका रिसेप्टरचा आणि भोग दुसऱ्याचे.

स्त्रियांमध्ये एसीटीएचच्या रेट्याचा आणखी एक मार मिळतो. अ‍ॅड्रीनलमधून पुरुषी हार्मोनही वाढतात. त्यामुळे चेहऱ्यावर केस, मुरुमं, अनियमित पाळी दिसते, आणि ती पीसीओडी म्हणून खपून जाऊ शकते.

641 वं स्थान

1985 साली कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत रोनाल्ड एव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने या रिसेप्टरची मानवी जनुकीय प्रत वेगळी केली. 777 अमिनो आम्लांचं प्रथिन, जनुक पाचव्या गुणसूत्रावर. आता डच कुटुंबाचा दोष अक्षरापर्यंत नेता येणार होता. 1991 साली हर्ली आणि सहकाऱ्यांनी तो नेला. मूळ रुग्णात 641 व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी व्हॅलीन होतं, जनुकाच्या दोन्ही प्रतींत. तीन बाधित नातेवाइकांत एकच प्रत बिघडलेली होती. वडील तीव्र आणि बाकीचे सौम्य असण्याचा हिशोब तिथेच लागला. ही जागा प्रथिनाच्या हार्मोन धरणाऱ्या भागात येते.

सिद्धतेची शेवटची पायरी म्हणून हा बदललेला रिसेप्टर आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडपेशींत घालून पाहिला. हार्मोनवरची पकड सुमारे तिपटीने कमी झालेली होती. 20 नॅनोमोलर डेक्सामेथासोनवर निरोगी रिसेप्टर जोरात काम करत होता आणि बदललेला जवळजवळ ढिम्म. मात्रा पन्नास पट, म्हणजे 1 मायक्रोमोलर केल्यावर दोघांचं काम सारखं झालं. बशीतल्या त्या प्रयोगात आणि त्या माणसाच्या अंगात एकच गोष्ट घडत होती.

माकडांनी हे आधीच केलं होतं

याच काळात बेथेस्डाच्या गटाला एक विलक्षण समांतर उदाहरण सापडलं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या माकडांत, म्हणजे स्क्विरल माकड आणि मार्मोसेटमध्ये, कॉर्टिसोल माणसाच्या कित्येक पट असतं आणि माकडं टुणटुणीत असतात. 1982 मध्येच त्यांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या गेल्या, आणि तिथेही रिसेप्टरची पकड सैल निघाली. डच घराण्याचा आजार आणि माकडाची निरोगी स्थिती मोजणीच्या आलेखावर जवळजवळ सारखी दिसत होती.

कारण मात्र वेगळं निघालं, आणि ते कळायला आणखी सतरा वर्षं गेली. 1999 साली जोनाथन स्कॅमेल यांच्या साउथ अलाबामा विद्यापीठातल्या गटाने स्क्विरल माकडाच्या लिम्फोसाइटमध्ये एफकेबीपी51 हे सोबती प्रथिन अतोनात असल्याचं दाखवलं. त्याच्या गर्दीमुळे रिसेप्टर हार्मोनला नीट धरू शकत नाही. माणसात रिसेप्टर स्वतः बिघडलेला, माकडात त्याला सांभाळणारे अडवणारे. बंधनाची मोजणी एवढंच सांगते की पकड सैल आहे. का, हे ती सांगत नाही. 1982 ची मोजणी कितीही नेटकी असली तरी 1991 चं जनुक हाती लागेपर्यंत ‘रिसेप्टरच दोषी’ हे विधान खरं तर अर्धंच सिद्ध होतं.

खिडकीतून किती दिसतं

लिम्फोसाइट तपासून अख्ख्या शरीराबद्दल बोलता येतं, ते जन्मजात दोषातच. जनुकातला दोष प्रत्येक पेशीत असतो, म्हणून एका पेशीची साक्ष सगळ्यांना लागू पडते. दोष नंतर, एकाच ऊतीत आलेला असेल तर हा न्याय चालत नाही. दम्याच्या रुग्णाला स्टेरॉइड लागू पडत नसेल तर दंडातून काढलेल्या रक्तातल्या पेशी निर्दोष असू शकतात आणि फुप्फुसातल्या हट्टी. उलटंही घडतं. ल्युकेमियाच्या पेशी स्वतःपुरता रिसेप्टर बिघडवून घेतात, बाकी शरीर स्टेरॉइडचं मुकाट ऐकत असतं.

रक्तपेशींची हीच साक्ष मुलांच्या ल्युकेमियात रोज उपयोगी पडते, तेही कुठल्याही किरणोत्सारी मोजणीशिवाय. जर्मनीतल्या बीएफएम गटाने घालून दिलेली पद्धत अशी: सुरुवातीला सात दिवस प्रेडनिसोलोन द्यायचं आणि आठव्या दिवशी रक्तातल्या कर्करोगी पेशी मोजायच्या. मायक्रोलिटरमागे हजाराच्या खाली आल्या तर प्रतिसाद चांगला, नाहीतर मूल जास्त जोखमीच्या गटात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसह भारतातली काही मोठी केंद्रं ज्या सामायिक उपचारपद्धतीत आहेत, तिच्यातही ही पायरी आहे. थॉर्न यांचं इओसिनोफिल मोजणं आणि हे मोजणं एकाच जातीचं. फक्त तिथे ग्रंथीची परीक्षा होती, इथे खुद्द पेशीची आहे.

आज असा रुग्ण आला तर किरणोत्सारी डेक्सामेथासोनच्या नळ्या क्वचितच निघतील. थेट जनुकाची अक्षरं वाचली जातात. मला यात थोडी हानी दिसते. जनुकात एखादा न पाहिलेला बदल सापडला आणि तो निरुपद्रवी की घातक हे ठरवायचं झालं, तर शेवटी कुणाला तरी रिसेप्टरचं काम जिवंत पेशीत मोजावंच लागतं, आणि ते हात आता फार थोड्या प्रयोगशाळांत उरले आहेत.

उपचार पहिल्या ऐकण्यात उलटा वाटतो. स्टेरॉइड ओसंडून वाहणाऱ्या रुग्णाला स्टेरॉइडच देतात. डेक्सामेथासोन मूत्रपिंडातल्या मिठाच्या रिसेप्टरला फारसं शिवत नाही. दिवसाला साधारण 1 ते 3 मिलिग्रॅम अशी चढी मात्रा दिली की सैल रिसेप्टरही जागा होतो, पिट्युटरीला ‘पुरे’ ऐकू येतं, एसीटीएच उतरतं आणि त्याबरोबर मीठ राखणारी हार्मोनंही. मात्रा प्रत्येकाच्या दोषानुसार जुळवावी लागते, आणि ती जास्त झाली तर याच रुग्णाला खराखुरा कुशिंग होऊ शकतो. निदान चुकून अ‍ॅड्रीनल काढल्या तर होणारं नुकसान मात्र कायमचं.

डच कुटुंबानंतर मोजकीच कुटुंबं आणि सुटे रुग्ण नोंदले गेले. त्यांतला 1996 साली क्रूसोस यांच्याच गटाने नोंदवलेला एक पुरुष विसरता येत नाही. रिसेप्टरच्या 559 व्या जागी आयसोल्यूसीनऐवजी अ‍ॅस्पॅराजिन, एकाच प्रतीत. पण ही बिघडलेली प्रत निरोगी प्रतीच्या कामातही खोडा घालणारी होती, त्यामुळे एका प्रतीवरच तीव्र आजार. तक्रारी उच्च रक्तदाबाच्या आणि मूल न होण्याच्या. कॉर्टिसोल चढं, कुशिंगच्या खुणा नाहीत. वर्षानुवर्षं ‘पुरे’ न ऐकलेल्या त्याच्या पिट्युटरीत पुढे एसीटीएच बनवणारी गाठ तयार झाली. गाठीने कॉर्टिसोल इतकं वर नेलं की त्याच्या अर्ध्या बहिऱ्या पेशींनाही ते ऐकू आलं, आणि ज्या माणसात कुशिंग नसणं हाच निदानाचा पाया होता, त्याच्या अंगावर कुशिंगची लक्षणं उमटली.